उंच पर्वतांत पदभ्रमणाला निघणाऱ्या मोरिवली परिसरातील नागरिकांना जाहीर आवाहन

समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यावे लागते. तिथल्या हवेतही प्राणवायूचा वाटा साधारण 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असल्यामुळे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तो समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो. 5,364 मीटरवरच्या एव्हरेस्ट बेसकॅम्पला तो जेमतेम निम्मा उरतो. मोरिवली आणि अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर ही शहरे शंभर मीटरच्याही खाली वसलेली आहेत. उंच पर्वतांच्या वाटेला लागणाऱ्या येथील प्रत्येकाने तयारीचा विचार या फरकापासून सुरू करावा.

हे आवाहन गिर्यारोहकांसाठी नाही. ज्यांनी कधी दोर हातात धरलेला नाही, पण सार पास, केदारकांठा किंवा एव्हरेस्ट बेसकॅम्पला जाण्याची इच्छा आहे, अशा सोसायट्यांतल्या, कॉलेजांतल्या आणि एमआयडीसीतल्या मंडळींसाठी ते आहे. केदारनाथ आणि अमरनाथच्या यात्रेकरूंनाही ते तितकेच लागू आहे, कारण 3,583 मीटरवरचे केदारनाथ आणि 3,888 मीटरवरची अमरनाथची गुहा येथे हवा भाविकांसाठी वेगळी नसते.

चढाईचा अनुभव नसणे ही या वाटांवरची अडचण नाही. ऋतू योग्य असेल तर त्या पायवाटा आहेत. त्यांना दम, तोल आणि सबुरी लागते. कातळारोहणाचे तंत्र लागत नाही. नवख्यांनी किती मजल मारावी याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातले आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. आधी ती मुले गिर्यारोहक नव्हती. निवड, कातळावरचा सराव, मग दार्जिलिंग आणि लडाखमधल्या उंचीवरचे प्रशिक्षण अशा पायऱ्यांनी त्यांची तयारी झाली होती. या यशाची बातमी सर्वांनी वाचली. त्यामागच्या पायऱ्या मात्र फार थोड्यांनी पाहिल्या.

तयारीचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बहुतेकांना त्रास होतो. पाय, हृदय आणि फुप्फुसांची ताकद मोरिवलीत राहून कमावता येते. विरळ हवेची सवय इथे लागत नाही. ती उंचीवर राहूनच लागते आणि तिला दिवस द्यावे लागतात. उंचीवर पोहोचताच श्वास वाढतो, त्यामुळे रक्तातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता घटते. हा तोल सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात आणि त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण या प्रक्रियेला घाई करायला लावू शकत नाही. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी भरभर वर जातो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. बाजारात मिळणारे सरावाचे मुखवटे श्वास घेणे अवघड करतात, पण हवेचा दाब कमी करत नाहीत. त्यांवर पैसे घालू नयेत. महाराष्ट्रातून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक सहलीत कापराची पुडी असते. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला प्राणवायू वाढत नाही. कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो, म्हणून तो लहान मुलांच्या हाती देऊ नये.

यासाठी सहलीचे पत्रक हाती आले की किमतीच्या आधी मुक्कामांची उंची पाहावी. दिवसा थोडे जास्त चढून खाली आले तरी चालते. रात्री कुठे झोपायचे ते महत्त्वाचे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा जगभर मानला गेलेला नियम आहे. एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या चांगल्या आखणीत तो स्पष्ट दिसतो. लुक्ला सुमारे 2,850 मीटरवर आहे. तिथून वाटेत एक मुक्काम करून 3,440 मीटरवरच्या नामचे बाजारला पोहोचतात आणि तिथे दोन रात्री राहतात. पुढे 4,410 मीटरवरच्या दिंगबोचेला पुन्हा दोन रात्री. विश्रांतीच्या दिवशी नुसते पडून राहायचे नसते. जवळच्या टेकडीवर काही शे मीटर चढून खाली झोपायला यायचे असते. जे पत्रक हे दोन दिवस कापून सहल स्वस्त करते, ते प्रवाशाच्या जिवाला महाग पडू शकते.

लडाखची आखणी विशेष जपून पाहावी. मुंबईहून विमानाने गेलेला माणूस काही तासांत साडेतीन हजार मीटर वर पोहोचतो, आणि त्याच संध्याकाळी त्याला बाजारात फिरावेसे वाटते. पहिले दोन दिवस लेहमध्येच शांतपणे काढावेत, खारदुंग ला किंवा पँगाँगची गाडी तिसऱ्या दिवसानंतरच ठरवावी. रस्त्याने जाणे नेहमीच सुरक्षित असते असेही नाही. मनालीहून निघालेल्या अनेक गाड्या सरचूला, म्हणजे सुमारे 4,300 मीटरवर, मुक्काम करतात. हा मुक्काम लेहपेक्षाही उंच आहे. केदारनाथला 1,982 मीटरवरच्या गौरीकुंडाहून एका दिवसात सोळाशे मीटर चढून तिथेच रात्र काढली जाते. ज्येष्ठ यात्रेकरूंनी आधी एक-दोन रात्री गुप्तकाशी किंवा सोनप्रयागला घालवाव्यात आणि हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी वर पोहोचल्यावर धावपळ करू नये.

पहिल्याच वेळी पाच हजार मीटर गाठण्याचा हट्ट धरू नये. सुमारे 3,800 मीटरचे केदारकांठा, हर की दून किंवा संदकफू यांपैकी एका वाटेवर आपले शरीर उंचीला कसे वागते ते कळते. ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि आधी सांगता येत नाही. मग सार पास किंवा हमता पास, आणि त्यानंतर नेपाळ. बर्फाच्छादित शिखर चढायचे असेल तर मात्र उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची संस्था यांचा प्राथमिक अभ्यासक्रम केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

शरीराच्या तयारीला मात्र हा परिसर उत्तम आहे. मे महिन्यात जायचे असेल तर डिसेंबरपासून आणि ऑक्टोबरमध्ये जायचे असेल तर मेपासून सुरुवात करावी. पहिला दीड महिना आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपझप चालणे पुरे. वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. पाळीत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतर लगेच सराव करू नये. झोप झाल्यावरच करावा. पुढे जिने चढावेत. ज्या इमारतींना लिफ्ट नाही त्यांचे रहिवासी यात आधीच पुढे असतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून दोन किलोपासून हळूहळू सात-आठ किलोपर्यंत वजन न्यावे. बाटल्यांचा फायदा असा की गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून टाकता येते.

रविवार डोंगराला द्यावा. मलंगगडाच्या पायऱ्या सर्वांत जवळच्या आणि चढाचा दम जोखायला चांगल्या. त्यानंतर नेरळहून पायी माथेरान. सुमारे आठशे मीटरवरच्या पठारापर्यंतचा तो चढ आहे. शेवटच्या महिन्यात कसारामार्गे बारी गाठून 1,646 मीटरचे कळसूबाई चढावे आणि शक्य असेल तर लागोपाठ दुसऱ्या दिवशीही चार-पाच तास चालावे. हिमालयात एक दिवस चालणे कठीण नसते. काल थकलेल्या पायांनी आज पुन्हा निघणे कठीण असते. हा दुसऱ्या दिवसाचा सराव जवळजवळ कोणीच करत नाही. उतरण्याचा सरावही तितकाच करावा, कारण मांड्या आणि गुडघे चढापेक्षा उतारावर जास्त दुखावतात. बदलापूरजवळची चंदेरी दिसायला मोहक असली तरी तिच्या वरच्या भागात घसारा आणि कातळ आहे. सरावाचा डोंगर म्हणून नवख्यांनी ती निवडू नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही.

डॉक्टरांची तपासणी निघण्याच्या दोन महिने आधी व्हावी, म्हणजे काही आढळले तर उपचाराला वेळ मिळतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी सर्वांनी पाहावे. चाळिशीपुढच्यांनी आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी स्ट्रेस टेस्टबद्दल विचारावे. कारखान्यात रसायनाच्या किंवा धुळीच्या खात्यात काम करणाऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी फुप्फुसांची क्षमताही मोजून घ्यावी. ज्यांच्या कुटुंबात सिकलसेल आहे त्यांनी स्वतःची रक्ततपासणी करावी. नुसत्या वाहकालाही, ज्याला घरी कसलाच त्रास नसतो, उंचीवर प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गोठणार नाही अशा बेताने अंगाशी ठेवावे. ॲसिटाझोलामाइड हे औषध, जे डायमॉक्स या नावाने मिळते, विरळ हवेची सवय लवकर व्हायला मदत करते. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालेलच असे नाही, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून ते घेऊ नये. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते ओळखीच्या दवाखान्यातून न तपासता मिळवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

वर गेल्यावर डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, अन्नावर वासना नसणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. त्या दिवशी आणखी वर जाऊन झोपू नये. विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. त्रास वाढला तर खाली उतरावे. दोन प्रकार मात्र जीवघेणे आहेत. बसल्या जागी धाप लागणे, खोकला आणि फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसांत पाणी साचल्याची खूण आहे. बोलण्यात गोंधळ, आणि सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालताना तोल जाणे ही मेंदूला सूज आल्याची. या दोन्हींत सकाळची वाट पाहू नये; रात्र असली तरी रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे. प्राणवायूचा लहान डबा काही मिनिटेच पुरतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, कारण गार बोटावर तो आकडा चुकू शकतो.

त्रास लपवला जातो, हीच यातली सर्वांत काळजीची बाब आहे. पैसे भरलेले असतात, रजा मोठ्या कष्टाने मिळालेली असते, गटाचा खोळंबा होईल अशी भीड वाटते आणि माणूस ‘काही नाही, जरा डोके जड आहे’ म्हणत चालत राहतो. यावर उपाय निघण्यापूर्वीच करावा. गटात जोड्या लावाव्यात आणि जोडीदाराने रोज संध्याकाळी दोन प्रश्न विचारावेत: डोके दुखते का, आणि जेवण गेले का. कोणालाही मागे फिरावे लागले तर सोबत कोण जाईल तेही आधी ठरवावे आणि परत आलेल्याची थट्टा होणार नाही, असे सर्वांनी एकमेकांना सांगून ठेवावे.

हवामानापुढे अनुभवही तोकडा पडतो. जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्या सहस्त्रताल वाटेवर 22 जणांचा गट खराब हवेत अडकला आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. दुपारनंतर डोंगरात हवा बिघडते, म्हणून खिंड सकाळीच पार करण्याची वेळ पाळावी. वाटाड्या थांबा म्हणाला तर वाद घालू नये. ओल आणि वारा यांपासून बचाव हा कपड्यांचा पहिला हेतू. जीन्स आणि सुती बनियन घामाने ओले राहतात, ते टाळावेत. आत घाम सुकवणारा थर, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट पुरते. बर्फावर डोळे भाजू नयेत म्हणून गडद चष्मा अत्यावश्यक आहे. बूट किमान महिनाभर आधी घेऊन मलंगगडावर आणि माथेरानला वापरून मऊ करावेत. जाड जाकीट आणि झोपण्याची पिशवी भाड्याने मिळते; पहिल्या वेळी विकत घेण्याची गरज नाही.

आयोजकाला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. किती माणसांमागे एक वाटाड्या, प्राणवायूचा मोठा सिलिंडर सोबत आहे का, प्रथमोपचाराचे शिक्षण कोणी घेतले आहे, कुठून रस्ता किती तासांवर आहे आणि रुग्णाला उतरवण्याचा अंतिम निर्णय कोणाचा. उत्तर टाळणाऱ्याकडे आगाऊ रक्कम भरू नये. विम्याच्या कागदात किती मीटरपर्यंतचे पदभ्रमण धरले आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात येते का, हे वाचून घ्यावे. अनेक साध्या प्रवासविम्यांत ते नसते.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरी एक कागद ठेवावा. त्यावर रोजच्या मुक्कामाचे नाव, आयोजकाचा व वाटाड्याचा क्रमांक, रक्तगट, चालू औषधे आणि विम्याचा क्रमांक लिहावा. कोणत्या दिवसांत फोन लागणार नाही तेही त्यावर लिहावे, म्हणजे घरचे विनाकारण घाबरणार नाहीत. ठरलेल्या तारखेनंतर किती तास वाट पाहून आयोजकाला आणि त्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवायचे, हे शेवटच्या ओळीत स्पष्ट असावे.