कैरी, तोंडचं पाणी आणि पांढरा प्रकाश

डोळे मिटा. एक कच्ची कैरी हातात घ्या. हिरवीगार, देठाशी अजून चीक असलेली. उभी फोड कापा, तिला तिखट-मीठ लावा आणि दाढेखाली धरून कचकन चावा.

सुटलं पाणी? घरात कैरी नाही, कदाचित आता सीझनही नाही. तरी तुमच्या लाळग्रंथी कामाला लागल्या. मनात काढलेल्या चित्राला शरीर उत्तर देतं, याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

सध्या कॉलेजांच्या आसपास जी ‘एनर्जी हीलिंग’ची वर्कशॉप्स भरतात, त्यांचा सगळा संसार या एका गोष्टीवर उभा आहे. डोक्यावरून पांढरा प्रकाश उतरताना बघा. दुखतंय तिथे काळा धूर साचलाय असं बघा, तो ओढून बाहेर काढा. रेकीत दुसऱ्या पायरीला काही चिन्हं शिकवतात. ती मनातल्या मनात रेखाटून लांबच्या माणसाला ‘ऊर्जा पाठवायची’ असते. प्राणिक हीलिंगमध्ये तर ओढून काढलेली ‘घाण ऊर्जा’ टाकायला शेजारी मिठाच्या पाण्याचं भांडं ठेवतात. यातल्या बऱ्याच पद्धती ‘हजारो वर्षांच्या’ म्हणून विकल्या जातात. प्रत्यक्षात रेकी जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ च्या सुमारास सुरू केली आणि प्राणिक हीलिंग फिलिपिन्सच्या चोआ कोक सुई यांनी १९८० च्या दशकात लोकांपुढे आणलं. म्हणजे एक आपल्या पणजोबांच्या वयाची, दुसरी आपल्या आई-बाबांहूनही लहान. असो.

या सगळ्याला हसून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. कारण चित्रं काम करतात. १९९५ मध्ये पास्कुअल-लिओन आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक सराव दिला, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी तो प्रत्यक्ष वाजवला. काहींनी पियानोसमोर बसून, बोट न हलवता, फक्त मनात वाजवला. बोटांचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखे बदल दिसले! हात मात्र वाजवणाऱ्यांचाच जास्त सफाईदार होता. मनात वाजवणारे पाच दिवसांनी जिथे पोहोचले, तिथे ते तिसऱ्याच दिवशी होते. मायकेल फेल्प्स रोज झोपताना आणि उठताना आपली शर्यत डोळ्यांपुढे पळवायचा, काही बिघडलं तर काय करायचं यासकट. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, समोरची भिंत दिसेना. त्याने हातांचे फटके मोजले आणि विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. व्हायवाच्या आदल्या रात्री धडधड वाढली की दिवा विझवून, शांत श्वास घेत, ओळखीची नदी किंवा आजोळचं अंगण बघा. बरं वाटतं. त्याला प्रकाश म्हणा, प्राण म्हणा, माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पायरीशी आहे. कैरी तुम्ही मनात आणली तर पाणी तुमच्या तोंडाला सुटतं, शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या नाही. चित्र ज्याच्या डोक्यात, त्याच्याच नसांमधून ते चालतं. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी नेमकं हेच तपासलं. स्पर्श न करता रुग्णाभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते, असं म्हणणाऱ्या उपचारकांना तिने पडद्याआडून दोन्ही हात पुढे करायला सांगितले. नाणं उडवून ती त्यातल्या एका हातावर आपला हात धरायची. कुठला, ते त्यांनी ओळखायचं. २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरं १२३. नुसत्या अंदाजाने साधारण १४० यायला हवी होती. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला.

माझ्या ओळखीची एक मुलगी पुण्यात हॉस्टेलला राहते. वडील गावी, त्यांना मधुमेह. तिने एक वीकेंड कोर्स केला आणि रोज पहाटे साडेचारला उठून वडिलांच्या फोटोसमोर बसायला लागली. अडचण अशी, की तिला काही दिसेचना. बाकी सगळ्यांना सोनेरी, जांभळा प्रकाश दिसत होता, हिला मिटलेल्या डोळ्यांआड नुसता अंधार. वडिलांची शुगर उतरत नव्हती. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, ‘तुझं व्हिज्युअलायझेशन क्लिअर नाही, श्रद्धा कमी पडतेय.’ ती त्या दिवशी खूप रडली.

आता, मनात चित्र न उमटणं हा ना दोष आहे, ना अश्रद्धा. फ्रान्सिस गॉल्टनने १८८० मध्ये लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाच काहींनी कळवलं होतं की आम्हाला काहीच दिसत नाही. २०१५ मध्ये अ‍ॅडम झीमन यांनी त्याला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. अशी माणसं उत्तम शिकतात, प्रेम करतात, गाड्या चालवतात, फक्त मनात चित्र काढत नाहीत. पण हे त्या मुलीला वर्कशॉपमध्ये कोण सांगणार? बरं वाटलं तर श्रेय ऊर्जेचं, नाही वाटलं तर दोष तुझ्या डोळ्यांचा. ज्या उपचाराला हरताच येत नाही, त्याचा हिशेब शेवटी एकोणीस वर्षांची पोर चुकती करते, अपराधीपणाने.

आणि खरी गोष्ट कळली ती दिवाळीत ती घरी गेली तेव्हा. औषधाच्या डब्यात संध्याकाळच्या गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली. वडील सहज म्हणाले, ‘अगं, तू रोज पहाटे बसतेस ना माझ्यासाठी. म्हटलं, एक गोळी कमी करून बघू.’

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. पहाटेचं बसणं तिने सोडलेलं नाही. श्वास मोजत दहा मिनिटं बसते, स्वतःसाठी, अंधार तर अंधार. रात्री साडेआठला मात्र घरी फोन लावते. ‘बाबा, गोळी घेतली? पाकीट दाखवा बरं व्हिडिओवर.’