शेवटची चिठ्ठी आणि सहा जणांचा ड्राफ्ट

चिठ्ठ्या टाकल्या की सहावा नंबर निघालेला आणि तोंड पाडून बसलेला एक तरी महाभाग प्रत्येक विंगमध्ये असतो. आमच्या विंगच्या फँटसी फुटबॉलच्या पहिल्या ड्राफ्टला तो महाभाग मी होतो!

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या फँटसीत तुमच्या-माझ्या टीममध्ये एकच हालांड असू शकतो. ड्राफ्टमध्ये मात्र एक खेळाडू एकाचाच. आमखास मैदानावर मॅचआधी दोन कॅप्टन आळीपाळीने गडी वाटून घेतात ना, अगदी तसंच. फक्त इथे दर फेरीला क्रम उलटा फिरतो. सहा जण असले तर पहिल्याला 1 आणि 12 नंबरची निवड मिळते, सहाव्याला 6 आणि 7, लागोपाठ दोन. म्हणजे सहावी चिठ्ठी काही केटी नव्हे.

ती केटी मी माझ्या कर्माने लावून घेतली. लागोपाठच्या दोन संधींत मी काय घेतलं? एक नावाजलेला गोलकीपर, आणि आवडत्या क्लबचा एक डिफेंडर. रूममेट खो खो हसला. मला कारण कळायला नोव्हेंबर उजाडला.

एरवी एम-थ्री सोडवणारे आपण, इथे साधी वजाबाकी करत नाही. प्रीमियर लीगमध्ये क्लब 20, म्हणजे नियमित खेळणारे गोलकीपर साधारण 20. प्रत्येकाच्या 15 जणांच्या टीममध्ये 2 गोलकीपर, 5 डिफेंडर, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. सहा जणांना गोलकीपर लागतात 12. आठ जण उरतातच, आणि पहिल्या-दहाव्यात फरक तो किती? फॉरवर्ड मात्र लागतात 18, आणि बहुतेक संघ पुढे एकच स्ट्रायकर खेळवतात. म्हणजे रोज खेळणारे वीस-पंचवीस, त्यात गोल करणारे आणखी कमी. डिफेंडर 30 लागतात आणि दर आठवड्याला ऐंशीच्या आसपास मैदानात असतात. आता सांगा, आधी कुणावर हात मारायचा?

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. पुस्तकी सल्ला देणारे सांगतात, टीम समतोल ठेवा, बेंच भक्कम ठेवा. सोळा जणांच्या लीगमध्ये ते ठीक आहे. तिथे 48 फॉरवर्ड उचलले जातात, मागे काही उरत नाही. आपल्या सहा जणांत मात्र 90 खेळाडू गेले तरी बरे खेळाडू शिल्लक असतात आणि ते नंतर बदलून घेता येतात. आपला बेंच बाहेरच बसलेला आहे! म्हणून छोट्या लीगमध्ये पहिल्या चार-पाच फेऱ्यांत फक्त असा माणूस घ्या, ज्याच्यासारखा दुसरा उरणार नाही. 2022-23 मध्ये हालांडने 36 गोल केले, 2024-25 मध्ये सालाहने 29 गोल आणि 18 असिस्ट. असला एक माणूस हातात असला की चौथा डिफेंडर कोण, याची फिकीर कशाला? गोलकीपर शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. आवडता क्लब मनात ठेवा, कागदावर नको. (हे मी सांगतोय, म्हणजे बघा!)

आता एक गोष्ट जरा जड आहे. ड्राफ्टला पैसे लावू नका. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या मजल्यावर बरीच हळहळ झाली होती. त्याआधी एका सेमिस्टरला माझ्या शेजारच्या खोलीतल्या मित्राने असल्याच एका अॅपवर मेसचे पैसे घालवले. घरी सांगायची हिंमत नव्हती. दीड महिना तो आमच्या ताटातून जेवला, आणि रेक्टर सरांनी ते पाहूनही एका शब्दाने विचारलं नाही. त्या पोराला फुटबॉल आमच्यापेक्षा जास्त कळतं. आता तोच आमचा ड्राफ्ट चालवतो, जर्नलच्या उरलेल्या पानांवर, पेन्सिलने. हरणाऱ्याने रविवारी उस्मानपुऱ्यात सगळ्यांना चहा पाजायचा, एवढीच पैज.

पहिल्या सीझनचा चहा अर्थात मी पाजला. पुढच्या ड्राफ्टला सहावी चिठ्ठी माझी निघाली तर कुणी अदलाबदल मागायला येऊ नये. मिळणार नाही.