बाबांच्या शेजारची जागा

पौष वद्य पंचमी जवळ आली की तिरुवैयारुत पाहुण्यांची दाटी होते. तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरवरचे, कावेरीच्या काठचे हे गाव. पाच नद्यांचे म्हणून त्याला हे नाव पडले. संत त्यागराजांचे बहुतेक आयुष्य इथे गेले आणि 1847 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आराधनेसाठी ठिकठिकाणचे गायक-वादक येतात, पंचमीच्या सकाळी समाधीपुढे समोरासमोर रांगा धरून मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. ज्यांना जाणे जमत नाही ते घरी आकाशवाणी किंवा दूरदर्शन लावतात. आल्यागेल्याच्या हातावर मुगाच्या डाळीचा, तुपाने ओथंबलेला अशोका हलवा पडतो. त्या हलव्यासाठीही गाव प्रसिद्ध आहे. काहीजण गाण्याचे निमित्त करून हलव्यालाच येत असतील, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

अडचण एवढीच की जानेवारी हा खेळांचाही महिना. पूर्वी मद्रासला पोंगलच्या सुमारास कसोटी सामना असायचा आणि ‘पोंगल कसोटी’ याच नावाने तो ओळखला जाई. 1982 च्या जानेवारीत गुंडाप्पा विश्वनाथने इंग्लंडविरुद्ध 222 धावा काढल्या, तो सामना याच दिवसांतला. जोडीला यशपाल शर्मा होता, त्याने 140 केल्या. दोघांनी मिळून अख्खा दुसरा दिवस एकही गडी बाद न होऊ देता खेळून काढला. कावेरीच्या खोऱ्यात तेव्हा रेडिओचेच राज्य होते. तिरुचिरापल्लीचे आकाशवाणी केंद्र तर 1939 पासूनचे. ज्या पेटीतून सकाळी कीर्तनम् ऐकायचे, तिच्यातूनच दुपारी धावसंख्या ऐकायची. तमिळमधून समालोचन करणारे अब्दुल जब्बार तिकडच्या श्रोत्यांना तितकेच घरचे, जितके महाराष्ट्रात बाळ ज. पंडित होते.

रेडिओचा एक मोठा गुण म्हणजे तो सगळ्या घराचा असे. आई स्वयंपाकघरातून ऐकायची, आजोबा ओट्यावरून, मुले अभ्यास करता करता. कुणाला कुणाची जागा अडवावी लागत नसे. दूरचित्रवाणी आली आणि बसण्याचा प्रश्न निर्माण झाला. संचासमोर चांगली जागा एकच असते आणि ती बहुधा बाबांची असते.

असे क्रीडावेडे बाबा तिरुवैयारुत काय नि साताऱ्यात काय, ओळखायला अवघड नाहीत. ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उघडतात. 2011 च्या अंतिम सामन्यात कोण कितव्या षटकात बाद झाला ते त्यांना तोंडपाठ असते. आपली मुलगी सातवीत की आठवीत, हे मात्र बायकोला विचारावे लागते. 2017 मध्ये खेळांची तमिळ वाहिनी सुरू झाल्यापासून तर तिकडच्या बाबांना इंग्रजी समालोचनाचे ओझेही उरले नाही. तंजावर भागात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. व्यंकोजीराजांच्या काळात आणि त्यांच्यानंतर जे तिकडे गेले, त्यांचे हे वंशज. भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये संपले, घरातली मराठी, तमिळमध्ये कालवली गेली तरी, टिकली. अशा घरातले बाबा पूजेचे बोलणे मराठीत करत असतील, बाजारहाट तमिळमध्ये, पण आयपीएलच्या दिवसांत अंगात सदरा चेन्नईचा पिवळाच. घरातल्या मुलीने मुंबईची बाजू घेतली की जेवणाच्या पानावर खडाजंगी. त्यांना कुणी आठवण करून द्यावी की ज्या धोनीला अवघा तमिळनाडू ‘तला’, म्हणजे नेता, म्हणतो तो रांचीचा आहे. मुलीने आपला संघ निवडला तर तिचे काय चुकले?

हे सारे गमतीचे. पण एक गोष्ट गमतीवारी नेण्यासारखी नाही. बाबा सामना पाहत असतात तेव्हा लहान मूल सामना कमी आणि बाबांनाच जास्त पाहत असते. ते केव्हा ओरडतात, कुणाला शिव्या देतात, हरल्यावर घरातल्यांशी कसे वागतात, हे सगळे ते टिपून घेते.

नेमके हेच सांगणारा एक तमिळ चित्रपट 2018 च्या डिसेंबरात आला. नाव ‘कना’, म्हणजे स्वप्न. अरुणराजा कामराज यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातले कुळित्तलै हे गाव तिरुवैयारुच्या वरच्या अंगाला, कावेरीच्याच काठी आहे. सत्यराजने उभा केलेला मुरुगेसन हा शेतकरी क्रिकेटवेडा. 2007 च्या विश्वचषकात भारत हरतो, तो ढसढसा रडतो, आणि त्याला रडताना पाहून चिमुरडी कौसल्या ठरवते की आपण भारतासाठी खेळायचे, बापाला हसवायचे. मोठेपणीची कौसल्या ऐश्वर्या राजेशने केली आहे. निर्माता शिवकार्तिकेयनच्या छोट्या मुलीनेही यातल्या एका गाण्याला आवाज दिला आणि योगायोग असा की तिचे नाव आराधना.

चित्रपट पाहताना डोळे भरून येतात हे खरेच. मुरुगेसनचे वेड समजूनही घेता येते. बँकेचे कर्ज डोक्यावर, आणि 12 जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सुटणार की नाही याची काळजी ज्या खोऱ्याला दरवर्षी असते तिथला तो शेतकरी. सामन्याचे चार तासच त्याचे स्वतःचे. तरीही घरी परतल्यावर विचार पडतो. बापाचे अश्रू पुसण्याची जबाबदारी सात-आठ वर्षांच्या मुलीने का उचलावी? चित्रपटात ती भारताकडून खेळते म्हणून गोष्ट गोड होते. प्रत्यक्षात हजारो मुली जिल्हा संघापर्यंतही पोचत नाहीत. त्यांनी आपण बाबांना निराश केले असे समजून जन्मभर खंतावत राहायचे काय? खेळ तिला आवडला तर तिने खेळावा. बाबांच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेची परतफेड म्हणून खेळू नये.

याच नदीने तिरुवैयारुच्या खाली गेले की मायिलादुतुरै लागते. विश्वनाथन आनंदचा जन्म तिथला, 11 डिसेंबर 1969 चा. त्याला बुद्धिबळ शिकवले ते आईने, सुशीलाबाईंनी. तो लहान असताना वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे कुटुंब काही काळ फिलिपिन्समध्ये, मनिलाला होते. तिथल्या दूरचित्रवाणीवर दुपारी एक ते दोन बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे आणि नेमका तेव्हा आनंद शाळेत असे. आई रोज संचासमोर बसून कोडी कागदावर उतरवून घेई. संध्याकाळी मायलेक मिळून ती सोडवत आणि उत्तर पाठवून देत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. आनंदने इतकी बक्षिसे पटकावली की शेवटी त्या लोकांनी त्याला आपल्या ग्रंथालयात नेले आणि सांगितले, हवी तेवढी पुस्तके घे, पण यापुढे उत्तरे पाठवू नकोस. ही हकीकत आनंदने स्वतःच सांगितलेली आहे.

यात खर्च झाला तो कागद-पेन्सिलीचा आणि आईच्या दुपारच्या विश्रांतीचा. एरवी मुलाला संचासमोर बसवून आई कामाला लागते. इथे मूल शाळेत होते आणि त्याच्या वाटचे पाहण्याचे काम आईने केले. आनंदचे नाव निघाले की पुढे तो पाच वेळा जगज्जेता झाला हे सगळे सांगतात. सुशीलाबाईंच्या वहीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. त्या 2015 मध्ये गेल्या.

दूरचित्रवाणीपासून मूल दूर करण्यासाठी खेळ शोधल्याचेही उदाहरण तमिळनाडूतच आहे. चेन्नईच्या वैशालीला लहानपणी व्यंगपटांचा फार नाद होता. तो सुटावा म्हणून आईवडिलांनी तिला बुद्धिबळाच्या आणि चित्रकलेच्या वर्गाला घातले. तिचे पाहून धाकटा प्रज्ञानंदही पटाकडे ओढला गेला. 2023 च्या डिसेंबरात वैशाली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दोघेही ग्रँडमास्टर असलेली ती जगातली पहिली बहीणभावंडे ठरली. आई नागलक्ष्मी स्पर्धांना बरोबर जातात त्या भात शिजवायचे साहित्य घेऊन, कारण परक्या देशात मुलांना रसम्-भात कुठून मिळायचा? 2023 मध्ये बाकूच्या विश्वचषकात कोपऱ्यात उभ्या राहून मुलाकडे पाहणाऱ्या या माउलीचे छायाचित्र जगभर गाजले.

आता पुन्हा त्या शेजारच्या जागेकडे. कौसल्या आणि वैशाली यांच्यासारख्या मुलींना ती जागा पूर्वी सहज मिळत नसे. मुलगा बापाशेजारी बसून सामना पाही, मुलगी चहा आणून देई. तिरुवैयारुत तर बसण्याच्या जागेसाठी खरोखरचा झगडा झालेला आहे. त्यागराजांच्या पडझड झालेल्या समाधीवर मंदिर बांधले ते बेंगळुरू नागरत्नम्मा या देवदासी गायिकेने, आयुष्यभराची मिळकत ओतून. 1925 मध्ये ते पूर्ण झाले. पण तिथल्या आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, म्हणजे जिने मंदिर उभारले तिलाच नाही! नागरत्नम्मांनी हात जोडून बसण्याऐवजी समाधीच्या मागच्या बाजूला स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. 1940 च्या सुमारास सगळे गट एकत्र आले आणि स्त्रिया समाधीसमोर बसून गाऊ लागल्या. आज पंचरत्नाच्या रांगांत गाणाऱ्या तरुण मुलींना कुणी हटकत नाही.

खेळाच्या बाबतीत ही वाट अलीकडेच मोकळी झाली. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता, संपेपर्यंत मध्यरात्र झाली. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही कितीतरी घरांत मुली जागल्या आणि बाबांनी त्यांना झोपायला पिटाळले नाही. त्याआधी तीनच दिवस, उपांत्य सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. तिला घडवणारे प्रशिक्षक म्हणजे तिचे वडीलच. सांगलीच्या स्मृती मानधनाची गोष्ट त्याहून घरगुती आहे. भाऊ श्रवण महाराष्ट्राकडून सोळा वर्षांखालच्या संघात खेळे आणि त्याच्या धावांच्या बातम्या आई वर्तमानपत्रातून कापून ठेवी. ती कात्रणे पाहून स्मृतीला वाटले, आपणही अशा धावा कराव्यात. घरातली कात्री नि वर्तमानपत्र भावासाठी निघाले होते. उपयोग बहिणीलाही झाला.

गुकेशसारखी उदाहरणे वाचून मात्र काही बाबांचे डोके फिरते. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापुरात तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या वडिलांनी, जे कान-नाक-घशाचे शल्यविशारद आहेत, त्याच्याबरोबर हिंडता यावे म्हणून आपले काम बाजूला ठेवले होते. ते त्यांना पेलले. ज्यांच्या घरी महिन्याअखेरीस वाण्याची उधारी असते त्यांनी नोकरी सोडून मुलाला पटावर बसवणे म्हणजे घराशी जुगार.

जुगारावरून आठवते ते मोबाइल फोन. काही वर्षे बाबा शेजारी मुलगा असताना पैसे लावून फोनवर ‘संघ’ बनवत. खेळाडू चौकार मारतो की नाही यापेक्षा आपले पैसे सुटतात की नाही याकडे डोळे. तमिळनाडूने यावर आधी कायदा केला. मग 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनेच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि भारतीय संघाच्या सदऱ्यावरून अशा एका कंपनीचे नावही उतरले. कायद्याने जाहिरात थांबते. पण ज्या मुलाने बापाला शेवटच्या षटकात घामाघूम होताना पाहिले, त्याला पुन्हा निव्वळ खेळ पाहायला शिकवायचे काम बापालाच करावे लागणार.

त्यासाठी क्रिकेटच हवे असे नाही. 2025 मध्ये पंचमी 18 जानेवारीला होती आणि दुसऱ्याच दिवशी, 19 तारखेला, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. खो-खो हा खेळ शाळेच्या मैदानावर मनसोक्त खेळलेल्या आया महाराष्ट्रात घरोघर आहेत, तमिळनाडूतही कमी नाहीत. धावणाऱ्याने साखळीतून कसे निसटावे, खांबाजवळ कसे वळावे, पाठलाग करणाऱ्याने दिशा का बदलायची नाही, हे त्यांना पक्के ठाऊक. षटकांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाबांना त्या संध्याकाळी मध्येच विचारावे लागले असेल, ‘अगं, हा बाद कसा दिला?’ आणि हातातली भाजी बाजूला ठेवून, ओले हात पदराला पुसत, आई संचासमोर येऊन बसली असेल.