ऑटोकॅडला मोफत पर्याय आहे का? कोल्हापूरच्या वर्कशॉपसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. कोल्हापूरच्या या भागांत फाउंड्री आणि मशीन शॉपची कामं चालतात. कास्टिंग करायचं तर आधी पॅटर्न लागतो आणि पॅटर्नसाठी ड्रॉइंग. हे ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर होतं. मशीन एकदा विकत घेतलं की आपलं होतं, सॉफ्टवेअरचं मात्र तसं राहिलेलं नाही.

नेमकं काय बदललं?

ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2016 मध्ये नवीन कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता ठरावीक मुदतीचं भाडं भरायचं. भाडं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. दोन-तीन कॉम्प्युटरच्या वर्कशॉपला हा खर्च जड जातो. मग 'क्रॅक' कॉपीचा मोह होतो.

क्रॅक वापरलं तर?

कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब नुसार, बेकायदा कॉपी आहे हे माहीत असूनही ती वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. वर्कशॉपचा वापर धंद्यासाठीच असतो.

मग पर्याय काय?

फ्रीकॅड. 2002 पासून बनत असलेल्या या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. थ्रीडी मॉडेल, असेंब्ली, सीएनसीसाठी जी-कोड हे सगळं त्यात होतं. धंद्यासाठी वापरायलाही पैसे लागत नाहीत. फक्त टूडी ड्रॉइंग हवं असेल तर लिब्रेकॅड आहे.

अडचण कुठे येते?

फाइलमध्ये. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल फ्रीकॅडमध्ये उघडायला वेगळा कन्व्हर्टर लागतो. सॉलिडवर्क्सची मूळ फाइल तर थेट उघडतच नाही. मोठी कंपनी जॉबवर्क देताना जी फाइल पाठवेल, ती लहान वर्कशॉपला उघडावीच लागते. म्हणजे सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हे बऱ्याचदा गिऱ्हाईकच ठरवतं. यावर एक उपाय म्हणजे 'स्टेप' फॉरमॅट. तो आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये चालतो.

स्वदेशी म्हणजे ओपन सोर्स का?

नाही. झोहो भारतीय आहे, पण त्याच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा कोड बंदच आहे. ओपन सोर्समध्ये कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो. फरक का पडतो? जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीची सेवा थांबवली. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, त्यानंतर सेवा सुरू झाली. तेल कंपनीला कोर्टात जाणं परवडतं. चार कामगारांच्या वर्कशॉपचं काय?

आज काय करता येईल?

सगळं एका दिवसात बदलू नका. एका कॉम्प्युटरवर फ्रीकॅड टाका, नवीन पार्ट त्यात काढून बघा. गिऱ्हाईकाकडे स्टेप फाइल मागा. जुन्या ड्रॉइंगच्या स्टेप किंवा डीएक्सएफ कॉपी करून ठेवा, म्हणजे उद्या भाडं थांबलं तरी ड्रॉइंग आपल्याच हातात राहील.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. यंत्र उघडून बघायची सवय या गावाला जुनी आहे. सॉफ्टवेअरही उघडून बघता यावं, एवढंच मागणं आहे.