ट्रक दारात, माल मात्र पोचला!

भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून गेल्या महिन्यात फोन आला. ट्रक अजून दारात उभा, हमाल कापडाचे तागे चढवतायत आणि स्क्रीनवर बिल्टीपुढे हिरवी खूण : 'माल पोचला'. दिवसभरातल्या सगळ्याच बिल्ट्यांची ही गत. मालकांची खात्रीच झाली होती की सिस्टीम हॅक झाली.

हॅकबिक काही नव्हतं. माल उतरवल्यावर ड्रायव्हरनं दाबायची लिंक बुकिंग क्लार्क व्हॉट्सॲपवर पाठवायचा. लिंक चिकटवली रे चिकटवली की खाली शीर्षक दाखवण्यासाठी ॲप स्वतःच त्या पत्त्यावर जाऊन येतं. जातं ते एचटीटीपीच्या गेट विनंतीनं. आणि प्रोग्रामरनं गेट आल्याबरोबर नोंद फिरवायचा कोड लिहून ठेवलेला. ॲक्सेस लॉग उघडला, तर ओळीमागून ओळ युजर एजंट व्हॉट्सॲप. ड्रायव्हरच्या ब्राउझरचा मागमूस नाही.

२००५ मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरनं पानावरच्या लिंक आगाऊ आणून ठेवताना 'डिलीट'च्या लिंकही आणल्या होत्या, आणि लोकांचा डेटा उडाला होता. तेव्हाही गेटच, आताही गेटच.

सर्व्हरवर खापर फोडू नका. अपाचे असो की एनजिनएक्स, गेटचा मजकूर पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढून येतो (म्हणून लॉगातही उतरतो), पोस्टचा बॉडीतून येतो, आणि दोन्ही तुमच्या कोडच्या हवाली होतात. पुढे तुम्ही काय करता, हे सर्व्हर विचारत नाही. गेटनं काही बदलू नये हे एचटीटीपीचं प्रमाण, आरएफसी ९११०, सांगतं, पाळायचं आपण.

यावर 'सगळंच पोस्ट करून टाकू' म्हणणारेही भेटतात. मग बिल्टी शोधल्याचं पान कुणाला पाठवता येत नाही, आणि रिफ्रेश केलं की ब्राउझर 'पुन्हा पाठवू का?' विचारत बसतो. शोधायला गेटच हवं. जाता जाता : एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे ३०१ नं वळवलंत, तर ब्राउझर पोस्टचं गेट करतात आणि फॉर्ममधला मजकूर वाटेतच गळतो. तिथं ३०८ लावा.

नाक्यावरच्या त्या ऑफिसात आता लिंक उघडली की नुसतं पान दिसतं : बिल्टी नंबर, नगांची संख्या, खाली एक बटण. बटण पोस्ट करतं, नोंद होते, ३०३ नं ड्रायव्हर पावतीच्या पानावर जातो. तिथं त्यानं कितीही रिफ्रेश केलं तरी दुसरी नोंद पडत नाही. नोंदीच्या पत्त्यावर कुणी गेट घेऊन आलंच तर ४०५, सोबत 'अलाव : पोस्ट'. मालकांची तक्रार एवढीच, की ड्रायव्हरला आता एकदा जास्त दाबावं लागतं.