जुने विनोद मोडीत!

१४ मे १९९८. अमेरिकेत ‘साइनफेल्ड’ मालिकेचा अखेरचा भाग लागला, तेव्हा साडेसात कोटींहून अधिक प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर होते. आणखी एका वर्षासाठी एनबीसी वाहिनी थैली मोकळी सोडायला तयार होती. नायक जेरी साइनफेल्डने मात्र नकार दिला. चालती मालिका अशी थांबवणे आपल्याकडच्या निर्मात्यांना कधी जमेल, देव जाणे!

खरी गोष्ट पुढेच आहे. १९७६ पासून क्लबांत एकट्याने विनोद सांगत हा गडी वर आला होता. मालिका संपली त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्याने ते जुने विनोद शेवटचे म्हणून सांगितले आणि मोडीत काढले. मग पाटी कोरी करून तो पुन्हा छोट्या क्लबांत उभा राहू लागला. २००२ च्या ‘कॉमेडियन’ या माहितीपटात हा कोट्यधीश पुढचे वाक्य विसरून चाचपडताना दिसतो. नावाला टाळ्या पडतात, पण त्या पहिली काही मिनिटेच. पुढे प्रेक्षक विनोद मागतो. मालिकेत लॅरी डेव्हिडसारखा लेखक होता, तीन कसलेले सहकलाकार होते. इथे सोबतीला एक माईक आणि ऐकणाऱ्यांची शांतता.