मीठ गेलं कुठं?

दरवर्षी सहावीच्या वर्गात मी एक साधा प्रयोग करते. सामान एवढंच: काचेचा ग्लास, पाणी आणि चमचाभर मीठ. मीठ टाकून ढवळायचं, पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं की मुलांना विचारायचं, "मीठ गेलं कुठं?" उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. "टीचर, गायब झालं." "संपलं." एखादी मुलगी ठामपणे सांगते, "पिघळलं!"

आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मी आधी शब्दांकडे वळते. बर्फ 'पिघलता' है, नमक 'घुलता' है. मराठीत हाच फरक 'वितळणं' आणि 'विरघळणं' या दोन शब्दांत आहे. बर्फ वितळायला फक्त उष्णता पुरते. मीठ विरघळायला मात्र दुसरा पदार्थ, म्हणजे पाणी लागतं. नुसतं मीठ वितळवायचं म्हटलं तर ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल. पाण्यात तेच मीठ मिनिटभरात विरघळतं. विरघळवणारं पाणी हे द्रावक, विरघळणारं मीठ हे द्राव्य आणि दोन्ही मिळून झालं द्रावण. उर्दूत द्रावणाला 'महलूल' म्हणतात. गणित 'हल' करतो त्यातला 'हल' आणि हा 'महलूल' एकाच धातूपासून आलेले आहेत, हे सांगितलं की मुलं खूश होतात.

मग तराजू काढते. 200 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ घातलं. आता वजन किती? निम्मा वर्ग 200 म्हणतो. काटा 210 वर थांबतो तेव्हा वर्ग गप्प होतो. मीठ डोळ्यांना दिसेनासं झालं, तरी एक कणही कुठं गेला नाही. या पाठातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं.

मिश्रणं वेगळी करण्याचं काम आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतं. तांदळातले खडे आपण निवडतो, सुपात धान्य पाखडतो, पीठ चाळतो, चहा गाळतो. रव्यात टाचण्या सांडल्या तर लोहचुंबक फिरवतो. प्रत्येक वेळी दोन पदार्थांमधला काहीतरी फरक आपण कामाला लावलेला असतो. खडा डोळ्यांना वेगळा दिसतो, फोलपट वजनाला हलकं असतं, कोंडा जाडसर असतो, टाचणी चुंबकाला चिकटते. मुलांना पद्धतींची नावं पाठ करायला लावण्याऐवजी "इथं फरक कशात आहे?" एवढं विचारावं. पद्धत त्यांना आपोआप सुचते.

मिठाच्या पाण्यापुढे मात्र चाळणी, गाळणी, मलमलचा कपडा सगळे हात टेकतात. विरघळलेल्या मिठाचे कण इतके सूक्ष्म असतात की ते पाण्याबरोबरच कपड्यातून खाली उतरतात. इथं फरक दुसराच आहे: पाण्याची वाफ होऊन ते उडून जातं, मीठ मागे राहतं. आमच्या रायगड जिल्ह्यात पेण, उरणकडची मिठागरं याच तत्त्वावर चालत आली आहेत. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. उथळ वाफ्यांत पाणी घ्यायचं, पुढचं काम ऊन आणि वारा करतात.

आता हा धडा घरच्या पिण्याच्या पाण्याला लावून पाहू. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. बारीक माती एकमेकींना चिकटून तळाशी बसते, वरचं पाणी नितळ होतं. आपण म्हणतो, पाणी स्वच्छ झालं. खरं तर फक्त गाळ गेला. रोगजंतू त्यात असू शकतात. त्यासाठी पाणी खळखळून उकळावं लागतं. आणि उकळल्यावरही पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. उलट थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण किंचित वाढतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त असतं. ते रंगाने, वासाने कळत नाही आणि उकळून जातही नाही. अशा पाण्याची तपासणीच करून घ्यावी लागते.

हे सगळं मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवत होते. पण माझ्याच घरात एकदा मी चुकले.

माझा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. रात्रभर जुलाब झाले. घरात ओआरएसची पुडी होती. मी ती घाईघाईत एका ग्लासात रिकामी केली आणि ढवळली. पावडर छान विरघळली, तळाशी काही उरलं नाही. मला वाटलं, बरोबर झालं. दोन-चार घोट पाजले, त्याला उलटी झाली. पुन्हा पाजलं, पुन्हा उलटी. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "पुडी किती पाण्यात घातलीत?" मी सांगितलं, "एक ग्लास." ते माझ्याकडे पाहतच राहिले. "बाई, ती एक लिटरची पुडी होती."

म्हणजे माझं द्रावण पाचपट तीव्र होतं. इतकं खारट पाणी पोटात गेलं की ते शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. रक्तातलं मीठ वाढून लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अल्लाहचा शुक्र, माझ्या मुलाच्या पोटात फार थोडं गेलं होतं आणि तो सावरला. बीएड झालेली, विज्ञान शिकवणारी मी "पूर्ण विरघळलं" म्हणजे "प्रमाण बरोबर" असं धरून चालले होते.

ओआरएसचा जीवच प्रमाणात आहे. साखरेच्या सोबतीने आतडं मीठ शोषून घेतं आणि त्यामागोमाग पाणी शरीरात जातं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात विरघळवला आणि रुग्णांना तोंडाने पाजायला नातेवाइकांनाच शिकवलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

म्हणून घरोघरी एवढं लक्षात ठेवू या. पुडी फोडण्याआधी तिच्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. एक लिटरची पुडी असते तशी 200 मिलिलिटरचीही असते. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असं करू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. पाजण्याआधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. चमच्या-चमच्याने पाजा. 24 तासांनंतर उरलेलं टाकून द्या. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं किंवा शौचातून रक्त दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता वर्गात मी दोन ग्लास शेजारी ठेवते. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात दोन चमचे. दोन्ही ढवळून झाले की विचारते, कुठल्यात जास्त? डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. मग दोन्हींतलं दोन-दोन चमचे पाणी वेगवेगळ्या ताटल्यांत घेऊन उन्हात ठेवतो. मधल्या सुट्टीनंतर मुलं धावत जाऊन बघतात. एका ताटलीत पुसटसा पांढरा डाग, दुसरीत मिठाचा जाड थर.

तुमच्या घरी ऊन आणि मीठ दोन्ही आहे. येत्या रविवारी मुलांसोबत करून पाहा. आणि हो, एक लिटरच्या बाटलीवर खुणेची रेघ मारून ती औषधांच्या डब्याशेजारी ठेवा. रात्री घाईत तीच कामाला येईल.